घारापुरी कशी पाहावी?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरी एकच चर्चा सुरू होते: यंदा कोठे जावयाचे? कोणी महाबळेश्वरचे नाव काढतो, कोणी केरळचे. आणि ज्याचा खिसा बरा भरलेला आहे तो मॉरिशस, बाली अशा ज्वालामुखीच्या बेटांची चित्रे दाखवून घरातल्या मुलांना वेड लावतो. उष्ण प्रदेशातील तो समुद्र, ती दाट झाडी, लाव्हाच्या काळ्या कड्यांवरून चालण्याची मौज! त्या बेटांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्यांना जमेल त्यांनी अवश्य जावे. परंतु वाशी, नेरूळ, बेलापूर, उरण, पनवेल या गावांत राहणाऱ्या आपणा सर्वांना मला एक प्रश्न विचारावयाचा आहे. आपल्या दारासमोरच्या पाण्यात लाव्हाच्याच पाषाणाचे एक बेट उभे आहे. ते आपण पाहिले आहे काय?

पुष्कळ जण म्हणतील, "हो, घारापुरी ना? शाळेच्या सहलीत पाहिली आहे." म्हणजे काय झाले? बोटीतून उतरलो, पायऱ्या चढलो, एक लेणे पाहिले, त्रिमूर्तीपुढे उभे राहून छायाचित्र काढले, मक्याचे कणीस खाल्ले, माकडाने हातातली पिशवी पळवली आणि दोन तासांत परतीची बोट धरली. हे पाहणे खोटे नव्हे, पण फार अपुरे आहे. घारापुरी नीट पाहावयाची असेल तर तिचा एक क्रम आहे, असे मला वाटते. प्रथम तिचा दगड पाहावा, मग त्या दगडातले शिल्प पाहावे, आणि शेवटी त्या दगडावर राहणारी माणसे पाहावीत. या तिन्हींचा एकमेकांशी कसा संबंध आहे, तेच आज सांगावयाचे आहे.

आरंभी ठिकाणाविषयी दोन शब्द. मुंबईकर या बेटाला आपले मानतात, आणि गेटवे ऑफ इंडियापासून साधारण तासाभराच्या जलप्रवासाने तेथे जाता येते, म्हणून जगही त्याला मुंबईचे समजते. परंतु सरकारी दप्तरात घारापुरी ही रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. गेटवेपासून ती सुमारे १० ते ११ किलोमीटर लांब आहे. न्हावा-उरणची किनारपट्टी तिला त्याहून पुष्कळ जवळ आहे. दोन टेकड्या आणि त्यांच्यामधली एक अरुंद खोंगळी, एवढाच या बेटाचा आकार. उंची सुमारे १५० मीटर. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन छोटी गावे तेथे वसलेली आहेत. पायथ्याशी तिवरांची झाडी, वर आंबा, चिंच, करंज, आणि मधून मधून ताडाची झाडे.

आता दगडाकडे वळू. घारापुरी हा ज्वालामुखी नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तेथे मुख नाही, विवर नाही, धूर नाही. ती आहे लाव्हाच्या थरांचा उरलेला एक तुकडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला रस पुनःपुन्हा वर येऊन चहूकडे पसरला. एक पूर आला, थिजला. त्यावर दुसरा आला, तोही थिजला. असे थरावर थर चढत गेले. आजही या पाषाणाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. भूशास्त्रज्ञ त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातील 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून आला. ज्याने पनवेलहून माथेरान-प्रबळच्या बाजूला एकदा जरी निरखून पाहिले असेल, त्याला हे नाव किती समर्पक आहे ते सांगावे लागणार नाही. डोंगराच्या अंगावरच्या त्या आडव्या पायऱ्या म्हणजे एकेक थिजलेला पूर होय.

पण पनवेलच्या पश्चिमेला एक चमत्कार दिसतो. सह्याद्रीत जे थर जवळजवळ सपाट आहेत, ते येथून समुद्राच्या दिशेने कलू लागतात. टेबलावर ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याची एक कड खाली दाबावी तसा हा प्रकार आहे. भूशास्त्राच्या ग्रंथांत या वाकाला आपल्या पनवेलचेच नाव मिळालेले आहे. भारताची पश्चिम कड ताणली गेली, आज सेशेल्स बेटे ज्या भूखंडावर उभी आहेत तो तुकडा येथून सुटून दूर गेला, आणि त्या ओढाताणीत आपला किनारा असा वाकला, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे लक्षावधी वर्षे पावसाने आणि नद्यांनी हे कललेले थर झिजवले. मऊ भाग वाहून गेला, कठीण भाग टेकड्यांच्या रूपाने उरला. समुद्राचे पाणी सखल भागात शिरले आणि त्या टेकड्यांपैकी काहींची बेटे झाली. घारापुरी ही त्यांतलीच एक.

ज्या अग्नीने आपली भूमी घडवली तो अग्नी विझला काय? बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तो अजून जिवंत आहे. फक्त आपण त्याच्यावरून पुढे सरकलो. पृथ्वीच्या पोटातील तो तप्त प्रवाह जवळपास आपल्या जागी राहिला आणि भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे निघून गेला. वाटेत त्याच प्रवाहातून हिंदी महासागरात मॉरिशस उभे राहिले, आणि आज तो शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे. तेथील ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओकतो. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातील शेकडो मराठी कुटुंबे मजुरीच्या करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात, आणि तेथील हिंदूंचे मोठे तीर्थ जे गंगा तलाव, ते एका जुन्या ज्वालामुखीच्या विवरात साठलेले पाणी आहे. घर सोडून सातासमुद्रापलीकडे गेलेली ती माणसे ज्या दगडावर जाऊन उतरली, तो नात्याने आपल्याच घरच्या दगडाचा धाकटा भाऊ होता! म्हणून मॉरिशसची तिकिटे काढण्यापूर्वी त्या कुटुंबातील वडीलधाऱ्याची, म्हणजे आपल्या घारापुरीची, गाठ घेणे योग्य नव्हे काय?

आता या पाषाणाचा स्वभाव समजून घ्या, कारण पुढचे सारे शिल्प त्या स्वभावावर उभे आहे. लाव्हाचा प्रत्येक थर सारखा नसतो. काही ठिकाणी तो घट्ट, काळा, एकजीव असतो. काही ठिकाणी वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झालेला असतो आणि त्या छिद्रांत पांढऱ्या गारा भरलेल्या दिसतात. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची पट्टी असते. घट्ट कातळ छिन्नीला दाद देत नाही, पण एकदा घडवला म्हणजे हजार वर्षे रेषा धरून ठेवतो. सच्छिद्र दगड लवकर झडतो, आणि भेगांतून व मऊ पट्टीतून पाणी झिरपते. पाथरवटाला लेणे कोरण्यापूर्वी हे सर्व वाचावे लागते. वाळूच्या दगडात काम करणाऱ्याला हात मोकळा सोडता येतो. बेसाल्टमध्ये काम करणाऱ्याने प्रत्येक टाका मोजूनच घालावा लागतो.

घारापुरीचे मोठे लेणे साधारण सहाव्या शतकाच्या मध्यात कोरले गेले असावे, आणि ते कलचुरी राजांच्या काळातील असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. 'असावे' असे म्हणावे लागते, याचे कारण मोठे दुःखद आहे. येथे एक शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढून आपल्या राजाकडे पोर्तुगालला पाठवला, असे त्यांच्याच दियोगो दो कूतो या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे तो दगड कोठे गेला याचा पत्ता नाही. ज्या हातांनी हे काम केले त्यांची नावे आणि ज्याने करविले त्याचे नाव कदाचित त्या एका शिळेवर असेल. ऐहोळे येथील ६३४ सालच्या शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने शेकडो नौकांनिशी पश्चिम समुद्रावरील 'पुरी' नावाची नगरी जिंकल्याचे वर्णन आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असे काही विद्वान मानतात. काही राजपुरीकडे बोट दाखवतात. हरवलेली शिळा असती तर कदाचित हा वाद उरला नसता.

लेण्यात शिरताना घाई करू नये. उन्हातून आत आले म्हणजे डोळ्यांना काही दिसत नाही. पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. मग हळूहळू खांबांच्या रांगा उमटू लागतात. हा मंडप समोरच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९ मीटर खोल आहे, आणि त्याला उत्तर, पूर्व व पश्चिम अशा तीन बाजूंनी प्रकाश मिळतो. येथे एक गोष्ट मनाशी धरावी: हे घर बांधलेले नाही, उरवलेले आहे. गवंडी विटेवर वीट ठेवतो. चुकली तर काढतो. येथे पाथरवटाने वरून खाली असा कातळ पोखरत आणला आणि खांब, छत, मूर्ती, दारे एवढे शिल्लक ठेवले. चुकून उडालेली कपची परत लावता येत नाही. खांबांच्या रांगा अगदी सरळ नाहीत आणि सर्व खांब सारख्या मापाचे नाहीत, हे लक्ष देऊन पाहिले तर कळेल. काही खांब पुढील काळात भंगले आणि दुरुस्तीत नव्याने उभारले गेले. तेही ओळखू येतात.

मंडपाच्या पश्चिमेकडे चार दारांचे गर्भगृह आहे. त्यात शिवलिंग आणि प्रत्येक दाराशी प्रचंड द्वारपाल. उत्तरेच्या दारातून सरळ समोर पाहिले की दक्षिणेच्या भिंतीत ती जगप्रसिद्ध मूर्ती दिसते. म्हणजे या लेण्यात दोन अक्ष आहेत: पूर्वेकडून येणारा लिंगाकडे जातो, उत्तरेकडून येणारा मूर्तीकडे. शिवाचे निराकार रूप आणि साकार रूप असे दोन्ही एकाच मंडपात मांडलेले आहे.

त्या मूर्तीला आपण त्रिमूर्ती म्हणतो, आणि कित्येक वाटाडे ती ब्रह्मा, विष्णू, महेश यांची म्हणून सांगतात. ते बरोबर नाही. तिन्ही मुखे एकट्या शिवाची आहेत. आपल्या डावीकडचे मुख मिशांचे, कपाळाला आठ्या असलेले, हातात नाग धरलेले. ते उग्र अघोर रूप. उजवीकडचे मुख कोवळे, स्त्रीसारखे, हातात कमळ; ते वामदेवाचे किंवा उमेचे रूप. आणि मधले, मिटल्या डोळ्यांचे, संहार आणि निर्मिती दोन्ही पोटात घेऊन शांत राहिलेले. सदाशिवाची मुखे पाच. चौथे मागे कातळात आणि पाचवे वर अदृश्य, असे समजावयाचे. भोवतालच्या भिंतींवर हीच कथा फिरत राहते: नटराज, योगीश्वर, अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वती विवाह, अंधकासुराचा वध, कैलासावरील सारीपाट, आणि कैलास हलवू पाहणारा रावण. एकीकडे विवाह, त्याच्याच आसपास वध. एकीकडे नृत्य, समोर ध्यान. जोड्या लावून पाहिल्या तर मुलांनाही त्यात गोडी वाटते.

हे सर्व पाहताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तुर्भ्यापासून बेलापूरपर्यंत पारसिकच्या डोंगरात वर्षानुवर्षे दगडाच्या खाणी चालल्या. आपली घरे, आपले रस्ते, आपले पूल यांतली खडी अशाच पाषाणाची आहे. खडी लागतेच, तिच्यावाचून नगर उभे राहत नाही, आणि मी काही खाणवाल्यांविरुद्ध बोलावयास उभा नाही. पण एकाच कुळातल्या दगडाची एके ठिकाणी खडी झाली आणि समोरच्या बेटावर सदाशिव झाला, एवढे तरी आपण जाणून असावे.

मोठे लेणे संपले म्हणजे बहुतेक मंडळी परत फिरतात. खरी सहल तर येथून पुढे सुरू होते. त्याच वाटेने पुढे गेल्यावर आणखी चार लेणी लागतात. काही अपुरी आहेत, काही पाण्याने झिजलेली. पण शिकण्यासाठी अपुरे लेणेच अधिक चांगले! कातळ कसा फोडत नेला, खांब कसा सुटा केला, हे तेथे उघडे दिसते. आणि पाणी पाषाणाला कसे खाते तेही दिसते. तेथून वाट टेकडीच्या माथ्यावर जाते. माथ्यावर इंग्रजी अमदानीतल्या दोन प्रचंड तोफा आहेत. तेथून समोर सारे बंदर उलगडते: एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याचे बंदर व त्याचे उंच यारी-मनोरे, आणि उत्तरेला २०२४ साली खुला झालेला अटल सेतू. बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर आणखी दोन लेणी आणि एका प्राचीन विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. म्हणजे शिवलेण्याच्याही आधी कित्येक शतके येथे बौद्धांचा वावर होता. या बेटावर रोमन मद्यकुंभांची खापरे सापडलेली आहेत. तेव्हा परदेशच्या गलबतांना हा किनारा अपरिचित नव्हता.

इंग्रजी नावातला हत्ती मात्र बेटावर शोधू नये. किनाऱ्याजवळ एक दगडी हत्ती होता. त्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८१४ साली त्याची मान तुटली, पुढे तो पारच कोसळला. १८६४ साली त्याचे तुकडे मुंबईस नेण्यात आले, १९१४ साली ते पुन्हा जुळवले, आणि आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. घारापुरीची सहल त्याला भेटल्यावाचून पुरी होत नाही.

आता माणसांविषयी. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला. साऱ्या जगातून पाहुणे येऊ लागले. परंतु या तीन गावांत वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून केबल टाकून! म्हणजे जागतिक कीर्ती आणि घरातला कायमचा दिवा यांत तीस वर्षांहून अधिक अंतर पडले. तोवर संध्याकाळी काही तास जनित्रावर दिवे लागत. शेवटची बोट पाहुण्यांना घेऊन गेली की दुकाने मिटत आणि बेट अंधारात बुडे. पर्यटकांना रात्री तेथे राहण्याची परवानगी नाही. रात्र ही बेटवासीयांचीच. त्यांच्यात कोळी-आगरी कुटुंबे आहेत. भातशेती, मासेमारी आणि दुकानदारी यांवर त्यांचे पोट चालते. पायऱ्यांवर ज्यांच्याशी आपण चार-पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, त्यांना आजारी माणूससुद्धा बोटीनेच न्यावा लागतो, हे घासाघीस करताना आठवावे. दुपारचे जेवण मुंबईहून डब्यात न नेता त्यांच्याकडे मासळी-भात किंवा भाकरी घ्यावी. आपला कचरा मात्र आपल्याबरोबर परत आणावा, कारण बेटावरचा कचरा वाऱ्याने उडतो तो थेट तिवरांत जाऊन बसतो.

समुद्राच्या वाटेविषयी एक कळकळीची सूचना. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि त्या दुर्घटनेत १५ जणांचे प्राण गेले. त्यात सहलीला निघालेली साधी कुटुंबे होती. प्रवास तासाभराचा, पाणी बंदरातले, किनारा दिसत असतो, म्हणून आपण निर्धास्त होतो. बोटीत चढताच लाइफ जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे आवळावेत, मुलांना आपल्या हातांनी घालावे. गर्दीची बोट दिसली तर पुढच्या बोटीने जावे. छायाचित्रासाठी कठड्यावर बसू नये. उकडते म्हणून जॅकेट मांडीवर घेऊन बसणाऱ्याला ते वेळेवर घालण्याची संधी मिळेलच असे नाही.

जाण्याचा काळ म्हणाल तर दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बोटींचा भरवसा राहत नाही. चैत्र-वैशाखात जावयाचे असेल तर सकाळची पहिली बोट धरावी, उन्ह चढण्यापूर्वी टेकडीचा माथा गाठावा आणि भर दुपारी लेण्याच्या गारव्यात बसावे. सोमवारी लेणी बंद असतात. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, पण पाय धड असतील तर चालतच जावे. तेथून सुमारे १२० पायऱ्या. पाणी जवळ ठेवावे, खाण्याची पिशवी माकडांना दिसेल अशी धरू नये, आणि मूर्तींना हात लावू नये. पोर्तुगिजांच्या काळात या मूर्तींची जी मोडतोड झाली तिच्याबद्दल आपण हळहळतो. पण रोज हजारो हातांचा घाम तेच काम सावकाशीने करीत असतो. लाव्हाचा हा कातळ साडेसहा कोटी वर्षे टिकला, तो पुन्हा उगवणारा मात्र नाही.

पुढल्या सुटीत आपल्यापैकी पाच-पंचवीस कुटुंबांनी एक पूर्ण दिवस या बेटासाठी काढला, मुलांना आधी दगड दाखवला, मग सदाशिव दाखवला, आणि राजबंदराच्या एखाद्या अंगणात बसून तिथल्या आजीबाईंशी चार गोष्टी केल्या, तर आजच्या या तासाचे सार्थक झाले असे मी समजेन.